चित्रपटाच्या दृश्यावरून आणि कॉमिकवरून फ्लिपबुक: चित्र थरथरतं, पानं दोन-दोन सुटतात

रेघोटी (प्रश्न)

कोथरूडला मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरासाठी फ्लिपबुकं (पानं अंगठ्याने भराभर सोडली की चित्र हलताना दिसतं अशी छोटी पुस्तकं) करायची आहेत, एका नमुन्याच्या २५ प्रती. दोन प्रकार डोक्यात आहेत: एक, ॲनिमेशनपटातलं चार-पाच सेकंदांचं दृश्य घेऊन, दुसरा, जुन्या कॉमिकमधल्या चौकटी घेऊन. पहिला नमुना केला, तो असा:

व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा होता, त्यातली दर तिसरी फ्रेम घेतली. १३० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम) चकचकीत कागद, इंकजेट प्रिंट, एका ए-फोरवर दहा चित्रं, कात्रीने कापून डाव्या बाजूला बाइंडर क्लिप. कॉमिकच्या सहा चौकटी प्रत्येकी पाच-पाच पानांवर छापल्या.

अडचणी:
१. माणूस चालताना मध्येच उडी मारल्यासारखा वाटतो, एका ठरावीक अंतराने.
२. सगळं चित्र वर-खाली थरथरतं.
३. पानं दोन-तीन एकदम सुटतात.
४. कॉमिकचं पुस्तक हलतच नाही, फक्त चित्र बदलतं.

कागद, बांधणी, फ्रेम निवडणं, सगळ्यावर सांगा. पुण्यात सामान कुठे बघायचं तेही. आणि दुसऱ्याच्या चित्रपटातलं दृश्य असं छापणं कायद्यात बसतं का?

---

चौकटमोज्या

पहिल्या अडचणीचं कारण तुम्ही लिहिलेल्या आकड्यांतच आहे, ताई.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम दाखवतात, म्हणजे सेकंदाला खरी चित्रं १२. तोच चित्रपट ३० फ्रेमच्या व्हिडिओत बसवला की जास्तीच्या सहा फ्रेम आधीच्याच फ्रेमची नक्कल करून भरतात. तुम्ही अशा व्हिडिओतली दर तिसरी फ्रेम घेतलीत, म्हणजे सेकंदाला १० पानं. बारा चित्रांतली दोन गेली. कागदावर मांडून बघा: पानांवर चित्र क्रमांक १, २, ३, ४, ५ येतात आणि पुढच्या पानावर थेट ७. पुढे ८, ९, १०, ११ आणि मग १३. दर सहावं चित्र गळतंय. ठरावीक अंतराने येणारी उडी तीच.

उपाय सोपा आहे, पण क्रम पाळा. आधी नकला काढून व्हिडिओ २४ वर आणा. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या व्हिडिओ प्रोग्रॅममध्ये लागोपाठच्या सारख्या फ्रेम वगळणारं फिल्टर आहे, पण त्याबद्दल खाली एक इशारा दिलाय, तो आधी वाचा. मग एकाआड एक फ्रेम घ्या. सुरुवात कुठून करायची हे महत्त्वाचं: व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरची 'ई' दाबली की एकेक फ्रेम पुढे सरकते. चित्र ज्या फ्रेमला बदललं, तिथून मोजायला लागा. क्रिटा या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ थेट फ्रेममध्ये उघडतो. कमांड लिहायची सवय नसेल तर तो रस्ता बरा.

आता इशारा. 'सारख्या दिसणाऱ्या सगळ्या फ्रेम काढून टाका' असं सरसकट करू नका. ॲनिमेटर मुद्दाम चित्र थांबवून ठेवतो: उडी मारण्याआधी मांजर दबा धरून बसतं, हात वर गेल्यावर क्षणभर वरच राहतो. ते थांबणं गेलं की दृश्यातला जीव जातो. थांबा ८ फ्रेमचा असेल तर तेच चित्र ४ पानांवर छापा. थांबा पूर्ण सेकंदाचा असेल तर बाराऐवजी ५-६ पानं पुरतात, कारण हातातल्या पुस्तकात थांबा पडद्यापेक्षा लांब वाटतो. म्हणून नकला काढायचं काम यंत्राकडून करून घेतलं तरी थांबे हातानेच परत घाला.

दृश्य निवडण्यात निम्मं काम होतं. कॅमेरा स्थिर हवा, मध्ये कट नको. मागचं चित्र सरकत असेल, म्हणजे पॅन असेल, तर ते टाळा: पात्र दोन-दोन फ्रेमला बदलतं आणि पार्श्वभूमी एकेक फ्रेमला, पुस्तकात दोन्ही एकमेकांशी भांडतात. आकृती मोठी हवी, बाह्यरेषा मागच्या रंगावर स्वच्छ उठली पाहिजे. अंधारातली मारामारी पडद्यावर छान दिसते, सात सेंटिमीटरच्या चित्रात नुसता चिखल होतो. वेगाच्या जागी एखादं चित्र ताणलेलं, विद्रूप दिसेल, हात तीन हातांएवढा लांब असेल. ते काढू नका, ते मुद्दाम काढलेलं असतं आणि पानं पळताना नजरेला तेच जोडून घेतं.

हिशोब: ६० पानं. पहिलं चित्र ४ पानांवर (अंगठा स्थिरावेपर्यंतची पानं वाया जातात) आणि शेवटचं ५ पानांवर. म्हणजे ७ पानं जास्तीची, वेगळी चित्रं ५३, सेकंदाला १२ प्रमाणे साधारण साडेचार सेकंद. तेवढंच दृश्य घ्या.

रिझोल्यूशनची फार काळजी नको. चित्र ६८ मिलिमीटर रुंद छापणार असाल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) रुंदीत जेमतेम ८०० पिक्सेल लागतात. ७२० चा व्हिडिओ १२८० पिक्सेल रुंद असतो, तो पुरून उरतो.

---

शिकंजा

अडचण दोन आणि तीन, म्हणजे कागद, छपाई, कापणी आणि बांधणी.

कागद. चकचकीत कागद आणि इंकजेट ही जोडी फ्लिपबुकची वैरी आहे. शाईच्या पाण्याने पान एका बाजूला ताणलं जातं, गुळगुळीत पानं एकमेकांना धरून बसतात. २०० जीएसएमच्या आसपासचं आयव्हरी किंवा बिनचकाकीचं कार्ड घ्या, छपाई लेझरवर, एकाच बाजूला. घरगुती लेझरला एवढा जाड कागद नीट ओढवत नाही, म्हणून डिजिटल प्रेसवर काढा. २०० चं आयव्हरी साधारण पाव मिलिमीटर जाड असतं, म्हणजे ६० पानांचा गठ्ठा १५ मिलिमीटर. हाताला हीच जाडी बरी. ४० पानांच्या खाली अंगठ्याला काही लागतच नाही, शंभराच्या वर मुलांच्या हातात मावत नाही.

ग्रेन बघा. कागदाचे तंतू एका दिशेला लोळलेले असतात, त्या दिशेला समांतर कागद सहज वाकतो. दोन पट्ट्या कापा, एक उभी एक आडवी, टोकाला धरून सोडा. जी ताठ राहते तिच्या लांबीच्या दिशेने ग्रेन. फ्लिपबुकचा ग्रेन कण्याला, म्हणजे बांधलेल्या कडेला, समांतर ठेवावा. पान मऊ वाकतं आणि मुख्य म्हणजे गोंद लागल्यावर कण्याशी लाटा येत नाहीत. १०० ते १२० जीएसएमचाच कागद हाताशी असेल तर मात्र उलट करा, ग्रेन कण्याला आडवा. पातळ पानाला परत उसळायला तेवढीच ताकद मिळते. मग पाण्याचा गोंद टाळून पिन किंवा स्क्रू लावा.

मांडणी. उभ्या ए-फोरवर दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत पाच पानं. एक पान १०२ रुंद, ५८ उंच (सगळी मापं मिलिमीटरमध्ये). कागदाच्या चारही कडांना तीन-साडेतीन मिलिमीटर छाटायला राहतात. चित्र ६८ बाय ३८, उजवीकडे ८ सोडून, डावीकडे २६. या २६ पैकी १२ बांधणीत जातात, उरलेले पान वाकल्यावर दिसतच नाहीत. चित्र पानाच्या मध्यावर ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, निम्मं चित्र कण्याच्या घडीत बुडतं. ए-फोरचा ग्रेन बहुधा लांब बाजूला असतो आणि या मांडणीत कणाही लांब बाजूलाच समांतर येतो, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटतो. तरी पट्ट्यांची चाचणी कराच.

क्रम असा लावा की कापल्यावर पानं जुळवत बसावं लागू नये. ६० चित्रं, शीटवर १० घरं, ६ शीट. घर एकमध्ये शीटनुसार चित्र १ ते ६, घर दोनमध्ये ७ ते १२, असं करत घर दहामध्ये ५५ ते ६०. सूत्र: (घर क्रमांक वजा १) गुणिले ६, अधिक शीट क्रमांक. चौथ्या शीटवर सातव्या घरात ३६ अधिक ४, म्हणजे ४०. सहा शीट एकावर एक ठेवून कापले की दहा छोटे गठ्ठे हातात येतात, ते क्रमाने एकावर एक ठेवले की पुस्तक लागलं. पानाच्या डाव्या कोपऱ्यात, बांधणीत लपेल अशा जागी, बारीक अक्षरात क्रमांक छापा. गठ्ठा हातातून सुटला तर तोच वाचवतो.

कापणी कात्रीने नको. थरथरीचं मोठं कारण तेच. नारायण पेठ, सदाशिव पेठ भागात छापखाने आणि बाइंडर आहेत, कटिंग मशीनवर कापून घ्या. जाताना एका शीटवर कापायच्या रेषा पेनने गडद करून न्या आणि कुठली कड पक्की धरायची ते सांगा. कागद प्रत्येक वेळी त्याच दोन कडांना ठोकून बसवला पाहिजे. एकदा खालच्या कडेला आणि एकदा वरच्या कडेला ठोकला की छपाईतला फरक चित्रात उतरतो.

आता दोन-दोन पानं का सुटतात ते. अंगठा वरून दाबून पुस्तक खाली वाकवता तेव्हा वरचं पान आधी निसटायला हवं, मग त्याखालचं. त्यासाठी अंगठ्याला टेकणारं पहिलं पान सगळ्यात मागे आणि पुढचं प्रत्येक पान केसभर पुढे आलेलं हवं. सगळी पानं एकाच रेषेत कापलेली असली की ती झुंडीने सुटतात. क्लिप लावलेल्या गठ्ठ्यात कडा एका रेषेत असतात, वर पानं आतल्या आत सरकतातही.

हा उतार द्यायचा असा: १५ मिलिमीटर उंच लाकडी ठोकळ्याला ४ मिलिमीटरचा तिरका उतार तासून घ्या. गठ्ठ्याची उजवी कड त्या उतारावर हलक्या हाताने दाबा, पानं एकमेकांवरून सरकून उतार धरतात. पहिलं आणि शेवटचं पान यांत ४ मिलिमीटर, म्हणजे दोन पानांत जेमतेम ०.०७. चित्रंही तेवढी सरकतात, पण सगळी एकाच दिशेने आणि सारखी, त्यामुळे डोळ्याला कळत नाही. तसंच धरून डावीकडे दोन लाकडी पट्ट्यांमध्ये शिकंज्यात आवळा, कणा पट्ट्यांच्या बाहेर फक्त २ मिलिमीटर ठेवा. उतार उलटा दिला, म्हणजे पहिलं पान पुढे आलं, तर पुस्तक अजिबात चालणार नाही. आवळण्याआधी एकदा अंगठा फिरवून बघा.

कण्याला ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडा, करवतीच्या पात्याने १ मिलिमीटर खोल चार खाचा पाडा. फेविकॉलचा पहिला हात पातळ, बोटाने खाचांत चोळून. तासाभराने दुसरा हात आणि त्यावर मलमलीची पट्टी, कण्यापेक्षा दोन्हीकडून १० मिलिमीटर जास्त रुंद. मग बाहेरून कापडी पट्टी. उन्हाळ्यात गठ्ठा चार-पाच तासांत सुटा करता येतो, जून ते सप्टेंबर पूर्ण दिवस शिकंज्यात राहू द्या. पुण्याच्या पावसाळी हवेत कागद पाणी ओढतो, ओला कागद बांधला की सुकताना पंखा होतो. छपाईचा कागद आदल्या दिवशीच खोलीत आणून ठेवा.

मुलांच्या हाताला गोंदाची बांधणी टिकेल का अशी शंका असेल तर पिन किंवा स्क्रू. हेवी ड्युटी स्टेपलरच्या पिनेवर २३/१५, २३/२० असं लिहिलेलं असतं. तिरप्या रेषेनंतरचा आकडा म्हणजे पायाची लांबी. गठ्ठ्याच्या जाडीपेक्षा ४-५ मिलिमीटर लांब पाय हवा, म्हणजे तुम्हाला २३/२०. त्यापेक्षा ३ मिलिमीटरची दोन भोकं पाडून २० मिलिमीटरचे बारीक नट-बोल्ट बरे. ते बोहरी आळीत मिळतील, शिकंजा आणि पॉलिशपेपरही तिथेच. कागद आणि कार्डासाठी अप्पा बळवंत चौकाच्या आसपास फिरा. जीएसएमबरोबर ग्रेन कुठल्या बाजूला आहे तेही विचारा.

टोनर लावलेली पानं सुरुवातीला स्थिर विजेने चिकटतात. कापल्यावर गठ्ठा दोन्ही बाजूंनी पिसून रात्रभर मोकळा ठेवा. तरी धरत असतील तर कापसाच्या बोळ्याला नावापुरती टाल्कम पावडर लावून फक्त उजव्या कडेवरून फिरवा, चित्रावर नाही.

---

कसबा_ते_कात्रज

शिकंजा यांच्या मांडणीबद्दल एक वेगळं मत. प्रेसवर छापणार असाल तर ती उत्तमच. पण घरच्या प्रिंटरवर छापाल तेव्हा कागद प्रत्येक वेळी मिलिमीटरभर इकडेतिकडे ओढला जातो. त्या मांडणीत चित्र १, २, ३ वेगवेगळ्या शीटवर आहेत, म्हणजे ही चूक प्रत्येक पानाला बदलते आणि चित्र सतत थरथरतं. त्याऐवजी चित्र १ ते १० पहिल्या शीटवर, ११ ते २० दुसऱ्यावर असं छापलं तर ओढण्यातली चूक दहा पानांत एकदाच दिसते. कापल्यावर पानं हाताने लावावी लागतात, ६० पानांना दहा मिनिटं.

थरथर छपाईतली की कापणीतली हे ओळखायची खूण: प्रत्येक पानावर चित्राच्या बाहेर, वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक फुली छापा. फुली आणि चित्र दोन्ही एकत्र हलत असतील तर छपाई किंवा कापणी चुकली. फुली स्थिर आणि चित्र हलतंय, तर मूळ फ्रेमच हलत्या आहेत. जुन्या फिल्मच्या प्रतींत हे नेहमी असतं. तेव्हा संगणकावर प्रत्येक फ्रेम पार्श्वभूमीतल्या एका न हलणाऱ्या खुणेवर, खांब, दाराची चौकट, असं बसवून घ्या आणि मगच छापा. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके १९११ च्या सुमारास हजारो चित्रं हाताने काढून ॲनिमेशन करत होता, तो चित्रं एकमेकांवर बसवायला कोपऱ्यांतल्या फुल्याच वापरायचा.

---

दोन_चौकटींमधलं

चौथी अडचण, कॉमिक. सहा चौकटी पाच-पाच पानांवर छापल्या तर हालचाल कुठून येणार? कॉमिकमधली हालचाल दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत असते, वाचणारा ती मनात भरतो. फ्लिपबुकात ती जागा आपण काढून भरायची.

पट्टी अशी निवडा जिच्यात कोन बदलत नाही. बहुतेक कॉमिकमध्ये एक चौकट जवळून, एक लांबून, त्यामुळे ती निरुपयोगी. वर ज्याचं नाव आलंय त्या मॅकेचीच 'लिटल सॅमी स्नीझ' ही १९०४ पासूनची पट्टी यासाठी अगदी योग्य आहे. सहा चौकटी, कोन तोच, टेबल-खुर्च्या तिथेच, मधला मुलगा चार चौकटी शिंक आवरत राहतो, पाचवीत शिंकतो आणि सहावीत त्याचे परिणाम भोगतो. जणू फ्लिपबुकाचे मुख्य टप्पेच कुणीतरी काढून ठेवलेत.

६० पानांचं गणित एका पट्टीसाठी: सहा मुख्य चित्रांना थांबा प्रत्येकी ४ पानं, २४ झाली. मधल्या पाच जागांना ३६ पानं, पण समान वाटू नका. शिंक भरत येते त्या तीन जागांना आणि शिंकेनंतरच्या एका जागेला प्रत्येकी ८, म्हणजे ३२. शिंक फुटते त्या जागेला फक्त ४. वेळ असा वाटला तरच शिंक शिंकेसारखी वाटते.

मधली चित्रं काढताना अंतरं सारखी ठेवू नका. समजा डोकं एका चौकटीतून दुसरीपर्यंत २४ मिलिमीटर मागे जातं आणि तुम्हाला मध्ये पाच चित्रं हवीत, म्हणजे सहा टप्पे. ४-४ मिलिमीटर टाकलीत तर डोकं यंत्रासारखं सरकेल. १, ३, ८, ८, ३, १ असं टाका. हळू निघतं, मध्ये पळतं, हळू थांबतं. शिंकेसाठी उलट: सुरुवातीला अजिबात सावकाश नाही, पहिल्याच पानात निम्मं अंतर. आणि डोकं सरळ रेषेत नेऊ नका, मान हा बिजागर धरून कमानीत न्या.

हाताने काढायचं तर: ऑफिसातल्या दोन भोकांच्या पंचने कागदाला भोकं पाडा. दोन भोकांमधलं अंतर ८० मिलिमीटर असतं. लाकडी पट्टीवर तेवढ्याच अंतरावर भोकात घट्ट बसतील असे दोन गोल खुंटे ठोका. काचेखाली एलईडी पॅनल, वर ही खुंट्यांची पट्टी. सगळे कागद याच खुंट्यांवर अडकवून काढले की चित्र हलत नाही. ७० ते ८० जीएसएमच्या कागदातून खालची दोन चित्रं नीट दिसतात. आधी चौकट १ आणि चौकट २, मग बरोबर मधलं, मग त्यांच्या मधली. क्रमाने १ पासून काढत गेलात तर डोकं हळूहळू मोठं होत जातं आणि शेवटी पुढच्या चौकटीला जुळत नाही.

संगणकावर करायचं तर छापील कॉमिक ६०० डीपीआयला स्कॅन करा. छपाईचे ठिपके परत छापताना नक्षीसारखे उमटतात. स्कॅनला किंचित धूसर करून मग आकार निम्मा केला की जातात. गिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये डोकं, धड, हात वेगळ्या थरांवर कापा, मागची जागा त्याच चौकटीतला रंग घेऊन भरा, मग थर फिरवत फ्रेम साठवा. सांध्याशी थोडा जास्त भाग कापा, नाहीतर हात वर गेला की खांद्याला भोक दिसतं. बोलण्याचे फुगे सगळे पुसा. सेकंदाच्या बाराव्या भागात कोण वाचणार?

---

चौकटमोज्या

कायद्याबद्दल. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं, आणि लेखक-चित्रकाराच्या कामाचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मॅके १९३४ ला गेला, त्याच्या पट्ट्या मोकळ्या आहेत. फिल्म्स डिव्हिजनचा 'द बनियन डिअर' १९५७ चा, तोही २०१७ संपताना मोकळा झाला. पुण्यात प्रभातने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हा ॲनिमेशनपट केला होता, तोही याच हिशोबात बसतो. नव्या चित्रपटातल्या दृश्याचं एक पुस्तक स्वतःच्या अभ्यासासाठी करणं कलम ५२ च्या खासगी वापरात मोडतं, पण २५ प्रती काढून वाटणं ही वेगळी गोष्ट आहे. शिबिरासाठी जुनंच घ्या. विकायचा विचार असेल तर लेखी परवानगीशिवाय नवं काही घेऊ नका.

---

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. सॅमीची पट्टी घेते, छपाई प्रेसवर. एकच राहिलं: शिबिरात डावखुरी मुलंही येतील. त्यांच्यासाठी वेगळं पुस्तक?

---

शिकंजा

हो, दोन-तीन प्रती वेगळ्या करा. डावखुरं मूल कणा उजव्या हातात धरून डाव्या अंगठ्याने पानं सोडतं. तेव्हा मांडणीत चित्र डावीकडून ८ मिलिमीटरवर सरकवा आणि २६ ची जागा उजवीकडे न्या. चित्र स्वतः आरशासारखं उलटं करू नका, फक्त त्याची जागा बदला. पान क्रमांकही आता उजव्या कोपऱ्यात, बांधणीत लपतील असे. बाकी क्रम तोच, उतारही तसाच, पहिलं पान सगळ्यात मागे. फक्त ठोकळा डाव्या कडेला लावायचा. कटिंगला देताना या प्रतींचे शीट वेगळ्या पाकिटात द्या आणि कणा कुठल्या बाजूला ते वर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर बाइंडर सवयीने डावीकडेच बांधेल.